दुसऱ्याला लिब्रेऑफिसवर आणताना: कोल्हापुरातील संस्था, वर्कशॉप आणि दुकानांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या पतसंस्थेत, दूध संस्थेत, उद्यमनगरातील वर्कशॉपमध्ये किंवा शाहूपुरीतील गुळाच्या अडत दुकानात संगणक सुरू केला, तर त्यावर वर्ड आणि एक्सेल हमखास दिसते. ते विकत घेतल्याची पावती मात्र दप्तरात सापडेलच असे नाही. संगणक जोडून देणाऱ्याने सोबत ‘टाकून दिलेले’ हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे चालत राहते आणि त्यात काही वावगे आहे असे कुणाला वाटतही नाही. अशा ठिकाणी वर्ड-एक्सेलचीच कामे करणारे लिब्रेऑफिस हे मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअर रुजवू इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. सॉफ्टवेअर बसवायला अर्धा तास पुरतो. खरे काम आहे ते जुन्या फायलींचे, मराठी फाँटचे आणि रोज त्या खुर्चीवर बसणाऱ्या व्यक्तीच्या सवयींचे. ही तीन कामे आपण स्वतः अंगावर घेतली, तर समोरच्याला फारसा आग्रह करावा लागत नाही.

आधी कोणाशी बोलावे

निर्णय चेअरमन, मालक किंवा व्यवस्थापक घेतात, पण त्याचा भार पडतो तो टायपिंग करणाऱ्या ऑपरेटरवर किंवा क्लार्कवर. म्हणून पहिली बैठक त्यांच्यासोबत करावी. ‘मॅडम, महिन्यात तुमचा सर्वांत जास्त वेळ कोणत्या कामात जातो?’ एवढे विचारले, तरी पुढच्या सगळ्या कामाची दिशा मिळते. कुठे सभासदांच्या नोटिसा असतात, कुठे कोटेशन आणि चलने, कुठे दहा दिवसांचे दूध बिल. जे काम त्यांना सर्वांत जास्त छळते, ते नव्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत आधी करून दाखवावे.

मालकांशी बोलताना पैशांचा मुद्दा येतोच. लिब्रेऑफिस पाच संगणकांवर बसवा किंवा पन्नास संगणकांवर, परवान्याचा खर्च शून्य राहतो आणि त्याचा व्यावसायिक वापरही पूर्णपणे कायदेशीर आहे. कायद्याची बाजूही स्पष्ट सांगावी. संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ६३ब नुसार गुन्हा असून त्यासाठी किमान ७ दिवस ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापर व्यापारी लाभासाठी नसेल, तर न्यायालय शिक्षेत सवलत देऊ शकते. मात्र बोलण्याची सुरुवात या मुद्द्याने करू नये. भीतीपोटी होकार देणारा माणूस पहिली अडचण येताच मागे फिरतो. त्यापेक्षा सुरक्षिततेचा मुद्दा लवकर पटतो. सॉफ्टवेअर ‘ॲक्टिव्हेट’ करणारी चोरटी साधने अनेकदा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि ज्या संगणकावर सभासदांच्या ठेवी-कर्जांची माहिती आहे तिथे असे साधन चालवणे म्हणजे तिजोरीची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देणे होय. शिवाय ऑफिस २०१० चे सुरक्षा अपडेट २०२० मध्येच थांबले आणि ऑफिस २०१६ व २०१९ या दोन्हींचे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. परवाना घेतलेल्यांनाही हा प्रश्न आता सोडवावाच लागणार आहे.

‘फुकट आहे म्हणजे उद्या बंद पडेल’ ही शंका हमखास येते आणि ती रास्त आहे. तिचे उत्तर इतिहासात आहे. जर्मनीतील स्टारऑफिस हे सॉफ्टवेअर १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतले आणि २००० मध्ये त्याचा सोर्स कोड (प्रोग्रामरनी लिहिलेला मूळ मजकूर) खुला केला; त्यातून ओपनऑफिस उभे राहिले. पुढे सन कंपनीच ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर, सप्टेंबर २०१० मध्ये, त्यावर काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापन करून लिब्रेऑफिस या नावाने काम पुढे नेले. मालक कंपनी बदलली, तरी कोड खुला असल्याने काम थांबले नाही. आज ही संस्था देणग्यांवर चालते, अनेक कंपन्या आपले प्रोग्रामर या कामाला लावतात आणि वर्षातून दोनदा नवी आवृत्ती येते. मोठे उदाहरण हवे असेल, तर जर्मनीच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपले सुमारे ३० हजार शासकीय संगणक लिब्रेऑफिसवर नेण्याचा निर्णय जाहीर केला, आणि आपल्याच देशात केरळच्या शासकीय शाळांत मुले अनेक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवर शिकत आहेत.

फायलींची पाहणी

ऑपरेटरच्या शेजारी तासभर बसून त्यांच्या फायली एकेक करून उघडाव्यात आणि त्यांची तीन भागांत वाटणी करावी. साधी पत्रे, ठराव, कोटेशन, हजेरीपत्रक आणि साधी कोष्टके यांचा पहिला भाग होतो, आणि त्यात फारशी अडचण येत नाही. जुन्या मराठी फाँटमधील फायली दुसऱ्या भागात जातात. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेली एक्सेल शीट आणि शासकीय विभागांनी दिलेल्या एक्सेल युटिलिटी तिसऱ्या भागात ठेवाव्यात. आयकर विवरणपत्राच्या एक्सेल युटिलिटी मायक्रोसॉफ्ट एक्सेल गृहीत धरूनच बनवलेल्या असतात; त्या लिब्रेऑफिसमध्ये चालवण्याचा खटाटोप करू नये. कार्यालयात अशा कामासाठी एका संगणकावर परवाना घेतलेले एक्सेल ठेवावे आणि बाकीचे संगणक मोकळे करावेत. दहापैकी नऊ संगणक बदलले, तरी ते मोठे यश आहे. टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर स्वतंत्र असते, त्याला या बदलाचा काही धक्का लागत नाही, हेही आवर्जून सांगावे, कारण मालकांच्या मनात पहिली धास्ती त्याचीच असते.

वेळ निवडताना त्या कार्यालयाचे वर्ष पाहावे. मार्च महिना सर्वांनाच वर्ज्य. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे पाऊल टाकू नये. सभा आटोपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ उत्तम. शाळांसाठी उन्हाळी सुटी सोयीची पडते.

बसवताना

लिब्रेऑफिस फक्त लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावे. फाइल साधारण साडेतीनशे एमबीची असते. चार-पाच संगणक असतील, तर ती एकदाच उतरवून पेन ड्राइव्हवर घ्यावी. उतरवताना देणगीचे पान दिसते. देणगी ऐच्छिक आहे. संगणकावर विंडोज ७ किंवा ८ असेल, तर लक्षात ठेवावे की २५.८ या आवृत्तीपासून त्यांचा आधार काढून घेतला आहे. तिथे आधीची आवृत्ती बसवावी लागते, आणि असा संगणक इंटरनेटला जोडून ठेवावा का, हा प्रश्नही त्याच वेळी मालकांपुढे मांडावा.

इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ हा पर्याय निवडावा. त्यात वापराच्या भाषांमध्ये मराठीवर खूण करता येते, म्हणजे सर्व मेनू मराठीत मिळू शकतात. पुढे वर्ड-एक्सेलच्या फायली लिब्रेऑफिसमध्येच उघडाव्यात का, असे विचारले जाते. तिथली खूण तूर्त काढून टाकावी. जुने ऑफिसही लगेच काढू नये. फायलीवर दोनदा क्लिक केल्यावर अनोळखी खिडकी उघडली, की माणूस बिथरतो. त्याला स्वतःहून नवे चिन्ह उघडू द्यावे.

मराठीची मांडणी नीट करणे

बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच असते, त्यामुळे हा भाग घाईने करू नये. टूल्समधील ऑप्शन्समध्ये भाषेचा विभाग आहे. तिथे दस्तऐवजांच्या भाषांमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ (सीटीएल, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) समोर खूण करून मराठी निवडावी, आणि लोकेल (तारीख, आकडे लिहिण्याची पद्धत) म्हणून मराठी किंवा इंग्रजी (भारत) ठेवावे. लिब्रेऑफिस रोमन अक्षरांसाठी एक आणि देवनागरीसाठी दुसरा असे दोन फाँट एकाच परिच्छेदात वेगवेगळे सांभाळते. ‘मी साइज वाढवला, तरी मराठी अक्षर तेवढेच राहिले’ अशी तक्रार आली, तर समजावे की स्टाइलच्या किंवा कॅरेक्टरच्या खिडकीत बदल फक्त वेस्टर्न भागात झाला आहे आणि सीटीएल भाग तसाच राहिला आहे. म्हणून ऑप्शन्समध्ये रायटर (लिब्रेऑफिसमधील वर्डसारखा भाग) या नावाखालील ‘बेसिक फाँट्स (सीटीएल)’ इथे नोटो सॅन्स देवनागरी, ‘मुक्त’ नावाचा किंवा कार्यालयाला आवडेल तो युनिकोड फाँट (ज्यात मराठी अक्षरे सर्व संगणकांवर सारखीच ओळखली जातात) आणि त्याचा आकार एकदाच ठरवून टाकावा.

मराठी ही भाषा निवडण्याचा आणखी एक फायदा डोळ्यांना दिसतो. ज्या फाँटमध्ये सोय केलेली असते, त्यात भाषा मराठी ठेवल्यावर ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाची उमटतात आणि हिंदी ठेवल्यावर हिंदी वळणाची. संस्थेच्या अहवालात ‘ल’ परका वाटतो, अशी कुरकुर ज्येष्ठ संचालक करतात, तेव्हा उत्तर या एका सेटिंगमध्ये असते.

टायपिंगच्या बाबतीत मात्र सवलत द्यावी. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कळांची मांडणी) आहेच, पण ज्यांची बोटे टाइपरायटरच्या मांडणीवर वीस-वीस वर्षे चालली आहेत, त्यांना त्याच आठवड्यात इनस्क्रिप्ट शिकायला लावू नये. युनिकोडमध्ये टाइपरायटर मांडणी देणारी साधने मिळतात, ती बसवून द्यावीत. एका वेळी एकच बदल करावा.

व्ह्यूमधील ‘युजर इंटरफेस’मध्ये ‘टॅब्ड’ हा पर्याय निवडला, की वर्डसारखी टॅबची पट्टी दिसते आणि निम्मा परकेपणा तिथेच संपतो. लोड-सेव्हच्या भागात दर काही मिनिटांनी आपोआप नोंद ठेवण्याची आणि बॅकअप प्रत करण्याची सोय सुरू आहे ना, हेही पाहावे; पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो.

जुने फाँट: खरे काम

श्रीलिपी, आकृती, आयएसएम किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेल्या फायलीत मराठी अक्षरे मुळात साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. फाँट त्यांवर मराठीचे रूप चढवतो. फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली, की अगम्य चिन्हांची ओळ दिसते. हा दोष लिब्रेऑफिसचा नाही, कारण वर्डमध्येही हेच घडते, पण पहिल्याच दिवशी असे दिसले तर दोष नव्या सॉफ्टवेअरच्या माथी बसतो. म्हणून ही गोष्ट आधी, प्रात्यक्षिकासह, समजावून सांगावी.

सगळ्या जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलण्याची गरज नसते. ज्या फायली पुन्हा संपादित होणार नाहीत (मागील वर्षांचे अहवाल, जुनी इतिवृत्ते), त्या जुन्या संगणकावरूनच पीडीएफ करून ठेवाव्यात. फाँट आत बसतो आणि कागद जसाच्या तसा टिकतो. ज्या वारंवार लागतात, म्हणजे पत्रांचे नमुने, नोटिसा, सभासदांची यादी, कर्ज रोखे, तेवढ्याच बदलाव्यात. त्यासाठी प्रत्येक फाँटचे वेगळे कन्व्हर्टर मिळतात. सभासदांची नावे, पत्ते आणि खात्यांची माहिती अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नये. काही कन्व्हर्टर साधी वेबपाने असतात, ती संगणकावर सेव्ह करून इंटरनेट बंद केल्यावरही चालतात, अशीच वापरावीत.

रूपांतर झाले, की तपासणी हवीच. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागेवर आहेत का, हे पाहावे. पण सर्वांत जास्त चूक होते ती ‘ऱ्या’मध्ये. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द पुष्कळदा ‘शेतकर्यांना’ असा होतो, ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. दूध संस्थेच्या एका परिपत्रकात हा शब्द किती वेळा येतो, ते आठवून पाहावे. कंट्रोल आणि एच दाबून ‘कर्या’ शोधावा आणि त्याजागी ‘कऱ्या’ घालावा. मात्र ‘र्या’ सरसकट बदलू नये, कारण ‘सूर्या’ आणि ‘भार्या’ तसेच बरोबर आहेत. आडनावांच्या यादीवर सभासदांना ओळखणाऱ्या माणसाचीच नजर फिरवून घ्यावी.

हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यातून मिळते ते फार मोठे आहे. युनिकोडमधील यादीला कॅल्कमध्ये (लिब्रेऑफिसमधील एक्सेलसारखा भाग) अकारविल्हे लावता येते (डेटामधील सॉर्टच्या पर्यायांत भाषा मराठी निवडावी). नाव टाइप करून सभासद शोधता येतो. नोटिशीचा मजकूर थेट व्हॉट्सॲपवर टाकता येतो, त्याचा फोटो काढून पाठवावा लागत नाही. माझ्या अनुभवात टायपिंग करणाऱ्यांचे मत बदलते ते याच ठिकाणी. परवान्याच्या खर्चाशी त्यांचा संबंध नसतो, पण शोध लागतो म्हटल्यावर त्यांचे तास वाचतात.

हिशेबाची शीट

एक्सेलच्या बहुतेक फायली कॅल्कमध्ये सरळ उघडतात. पिव्होट टेबल आहे, आणि २४.८ या आवृत्तीपासून एक्सलुकअप, फिल्टर, युनिक ही सूत्रेही आली आहेत. लाख-कोटींची स्वल्पविरामे हवी असतील, तर सेल निवडून फॉरमॅटच्या खिडकीत कोड म्हणून #,##,##0.00 लिहावे, बारा लाख चौतीस हजार हा आकडा मग आपल्या पद्धतीने दिसतो. मॅक्रो असलेल्या शीट कधी चालतात, कधी अर्धवट चालतात, त्यामुळे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतील कॉस्टिंग शीटविषयी आधी शब्द देऊ नये.

खात्री पटवण्याचा मार्ग एकच: जुने काम दोन्हींत करून ताडणे. दूध संस्था असेल, तर मागील दहा दिवसांचे बिल, फॅट आणि एसएनएफच्या (दुधातील स्निग्धांशाव्यतिरिक्त घन घटक) दरतक्त्यासह, कॅल्कमध्ये उघडून पुन्हा काढावे आणि प्रत्येक उत्पादकाची रक्कम पैशापर्यंत जुळते का पाहावे. फाउंड्री असेल, तर आधी दिलेले कोटेशन घ्यावे. जुळणी सचिवांच्या किंवा मालकांच्या समोर करावी.

नोटिसा एकदम छापणे

सभेच्या नोटिसा हा संस्थांमधील मोठा व्याप, आणि इथे लिब्रेऑफिसची पद्धत वेगळी असल्याने ती बसून शिकवावी लागते. सभासदांची यादी कॅल्कमध्ये करावी. पहिल्या ओळीत क्रमांक, नाव, गाव अशी शीर्षके द्यावीत. रायटरमध्ये फाइल, विझार्ड्स, ‘ॲड्रेस डेटा सोर्स’ या मार्गाने ती यादी एकदा जोडावी. त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एफ४ दाबल्यावर वरच्या बाजूला यादी दिसते, आणि स्तंभाचे शीर्षक माउसने धरून नोटिशीत हव्या त्या जागी सोडले, की तिथे प्रत्येक सभासदाचे नाव येते. छापताना ‘फॉर्म लेटर छापायचे का’ असे विचारले जाते, तेव्हा होय म्हणावे. प्रिंटरला पाठवण्याआधी पहिल्या दोन-तीन नोंदी निवडून चाचणी घ्यावी, म्हणजे कागद वाया जात नाही.

बाहेरच्यांशी देवाणघेवाण

‘आम्ही पाठवलेले सीए साहेबांकडे उघडेल का?’ हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. अंतिम कागद नेहमी पीडीएफमध्ये पाठवावा. त्याची सोय टूलबारवरच आहे. पीडीएफच्या पर्यायांत ‘हायब्रिड’ ही खूण केली, तर मूळ फाइल त्या पीडीएफच्या पोटातच राहते आणि पुढे लिब्रेऑफिसमध्ये ती पुन्हा संपादित करता येते. समोरच्याला बदल करायचे असतील, तर डॉकएक्स किंवा एक्सएलएसएक्स या वर्ड-एक्सेलच्या फाइल प्रकारांत सेव्ह करून द्यावी. आपली स्वतःची प्रत मात्र ओपनडॉक्युमेंट या लिब्रेऑफिसच्या मूळ फाइल प्रकारातच ठेवावी. २००६ पासून ते आयएसओ मानक आहे आणि वीस वर्षांनी दुसरे सॉफ्टवेअर आले, तरी ती फाइल वाचता येईल. एकच फाइल दोन प्रकारांत वारंवार फिरवल्यास कोष्टकांची मांडणी हलते, म्हणून ज्या फायली सतत बाहेर जातात-येतात, त्या सुरुवातीपासून डॉकएक्समध्येच ठेवणे शहाणपणाचे. कॅलिब्री आणि कँब्रिया फाँट नसले, तरी लिब्रेऑफिससोबत येणारे कार्लिटो आणि कॅलाडिया त्याच रुंदीचे असल्याने रोमन मजकुराच्या ओळी फारशा सरकत नाहीत.

पहिला महिना

शिकवण्यासाठी वेगळा वर्ग भरवण्याची गरज नाही. त्यांच्याच खुर्चीवर, त्यांच्याच फायलींवर, दुपारच्या निवांत वेळेत दोन बैठका घ्याव्यात. लेटरहेडसह पत्र, ठरावाची प्रत, कोटेशन असे नमुने आधीच टेम्प्लेट म्हणून तयार करून द्यावेत, म्हणजे पहिल्या सकाळी कोऱ्या पानापुढे बसावे लागणार नाही. रोजच्या दहा-बारा कामांची एक मराठी चिठ्ठी संगणकाशेजारी चिकटवावी. प्रिंटरची मार्जिन आणि कागदाचा आकार ए४ आहे का, हे स्वतः छापून पाहावे. अनेक ठिकाणी लेटर हा आकार बसलेला असतो आणि शिक्क्याची जागा चुकते.

पहिला आठवडाभर फोन उचलण्याची तयारी हवी. ‘दादा, पान आडवे कसे करायचे?’ यासारख्या प्रश्नाला पाच मिनिटांत उत्तर मिळाले, तर त्या दिवसाचे काम नव्या सॉफ्टवेअरवर पुढे चालते. उत्तर संध्याकाळी मिळाले, तर तोवर जुने वर्ड उघडलेले असते. विंडोज काढून लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली घालण्याचा विषय या काळात काढूच नये, तो हवाच असेल तर वर्षभरानंतर काढावा. महिना झाल्यावर फायली आपोआप कशात उघडाव्यात, ते सेटिंग लिब्रेऑफिसकडे वळवावे आणि त्यानंतर परवाना नसलेले जुने ऑफिस त्या संगणकावरून काढून टाकावे. हे काढण्याचे काम ऑपरेटरच्या संमतीने, त्यांच्या हातूनच व्हावे.

मराठी मेनूत कुठे इंग्रजी शब्द राहिलेला किंवा अवघड प्रतिशब्द दिसला, तर तो ऑपरेटरकडून लिहून घ्यावा. लिब्रेऑफिसचे भाषांतर डॉक्युमेंट फाउंडेशनच्या वेबलेट या संकेतस्थळावर स्वयंसेवक करतात. तिथे खाते उघडून कुणालाही सुचवणी देता येते, आणि मान्य झालेला शब्द पुढील आवृत्तीत त्या ऑपरेटरच्या पडद्यावर दिसू लागतो.